पलटणीत गेलेला शेतकरी पूर्वज शोधताना 'आपले अभिलेख' कितपत कामाचे?

एकोणिसाव्या शतकात गावी जमीन कसणारा आणि मधली काही वर्षे इंग्रजांच्या मुंबई लष्करात काढलेला पूर्वज शोधायचा असेल, तर लष्करापासून सुरुवात करू नका. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळापासून करा. ते तुम्हाला १९०३च्या आसपास आणून सोडते. तिथून मागे जायला तहसील, तीर्थोपाध्याय आणि शेवटी पलटण, याच क्रमाने जावे लागते.

आधी संकेतस्थळाचे बघू. नोंदणी करून जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार आणि क्रमांक द्यायचा. शोध मुळात क्रमांकावर चालतो, माणसाच्या नावावर नाही. बरेच जण इथेच अडकतात, कारण हातात आजचा गट नंबर असतो आणि जुना कागद सर्व्हे नंबरवर असतो. जमिनींचे एकत्रीकरण १९४७च्या कायद्यानंतर गावोगाव झाले आणि तेव्हा नंबर बदलले. म्हणून आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४)चा उतारा घ्या. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात असते. मग जुना सातबारा काढा, त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक टिपा आणि एकेक फेरफार मागे मागे उघडत जा. वारसाचा फेरफार सर्वांत मोलाचा: मयत कोण, मुलगे किती, अज्ञान (वयाने लहान) वारस कोण, विधवेचे नाव काय, हे एका परिच्छेदात मिळते. या कामासाठी संकेतस्थळाला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. मात्र सगळ्या गावांचे सगळे कागद तिथे आहेत असे धरून चालू नका.

मागे जाताना साखळी तुटते त्याला कारण आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. त्याआधी सरकारला सारा भरणाऱ्या खातेदाराशी मतलब होता, कुटुंबाशी नव्हता. खाते सहसा थोरल्या भावाच्या नावावर असायचे. पलटणीत बहुधा धाकटा जायचा. त्यामुळे जुन्या पाहणीखर्ड्यात, म्हणजे शेतपाहणीच्या नोंदीत, पूर्वजाचे नाव दिसले नाही, तर तो त्या गावचा नव्हता असा निष्कर्ष काढू नका. त्याच्या थोरल्या भावाचे खाते शोधा.

१९०३च्या मागचा सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे कोतवाल बुक, अर्थात गाव नमुना १४. जन्ममृत्यूची ही नोंदवही तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. 'आजोबांची नोंद हवी' असा अर्ज करून काही हाती लागत नाही; गाव, नमुना आणि पाच-सात वर्षांचा टप्पा लिहून नक्कल मागा. २०२३ साली कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाल्यापासून बऱ्याच जिल्ह्यांनी अशी पाने स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली आहेत, ती आधी चाळा. पाने बहुतेक मोडी लिपीत असतात. 'राणू बिन सटवा' म्हणजे सटवाचा मुलगा राणू, 'कोम' म्हणजे बायको. आडनाव असेलच असे नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळे मोडी वाचणाऱ्याला गावातली आडनावे आणि वाड्यांची नावे आधीच लिहून द्या, म्हणजे नुसत्या अंदाजाने वाचले जाणार नाही. कागदावर फसली सन (जुने महसुली वर्ष) असेल तर त्यात ५९० मिळवा: फसली १२९० म्हणजे १८८०-८१.

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या, या कामात अजूनही फार उपयोगी पडतात. आडनावाबरोबर मूळ गाव सांगा, नाहीतर वही नेमकी कुठल्या उपाध्यायांकडे आहे हेच कळणार नाही. मात्र तिथे तिथीपेक्षा नात्यांवर भरवसा ठेवा. नंतरच्या पिढीने आठवून सांगितलेली नावेही त्यात असतात, म्हणून एखादी पिढी गाळली जाऊ शकते. 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या यात्रावह्या फुकट आहेत, पण भर हरिद्वार-कुरुक्षेत्र बाजूवर. पूर्वज तिकडे गेला असेल तरच वेळ घालवा.

आता लष्कर. इथे निराशेची तयारी ठेवा. हिंदी शिपायाचा सेवापट पलटणीकडेच राहायचा. लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात प्रामुख्याने गोऱ्यांच्या नोंदी आहेत. 'फाइंडमायपास्ट' या वंशावळीच्या संकेतस्थळाची वर्गणी शिपायाच्या शोधासाठी भरू नका. ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या 'फिबिस' या संस्थेचा शोध फुकट आहे. तिथेही माणसे मुख्यतः युरोपीय, पण पलटणींच्या नावांचे बदल नीट लावलेले मिळतात. शतकाच्या अखेरच्या छापील आर्मी लिस्टमध्ये सुभेदार-जमादारांची नावे असतात, शिपायांची नसतात.

म्हणून आधी पलटणीचा क्रमांक मिळवा. घरात पदक असेल तर त्याची कड बघा. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आणि मागच्या बाजूला तोफ वाहणारा हत्ती व कूच करणारे सैनिक असतील तर ते १८७८-८०च्या अफगाण युद्धाचे. कडेवर हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. पंचम जॉर्जचा मुखवटा असेल तर ते पदक पुढच्या पिढीचे. चिंच-राखेने घासू नका, कडेची अक्षरे आधी पुसतात. तिरप्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा.

क्रमांक मिळाला की १९०३ची खूण लक्षात ठेवा. त्या वर्षी मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात १०० मिळवले गेले. तिसरी मुंबई पलटण १०३वी झाली आणि १९२२मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. तीच जंगी पलटण. पण १९वी मुंबई पलटण ११९वी होऊन पुढे जाट रेजिमेंटमध्ये गेली. मराठी पूर्वज म्हणून सरसकट बेळगावच्या मराठा केंद्राला पत्र लिहिले तर उत्तर येणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. महार शिपायांच्या नावांमागे 'नाक' असायचे, भीमा कोरेगावच्या स्तंभावर ते आजही वाचता येते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती थांबली, तेव्हा त्यानंतरच्या यादीत ती नावे न दिसणे साहजिक आहे.

राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' शेवटी उघडा. तिथला शोध धारिकेच्या (फाइलच्या) शीर्षकावर चालतो, म्हणून पूर्वजाच्या नावाऐवजी पलटणीचा क्रमांक आणि वारस, कुटुंब-निवृत्तिवेतन, जमीन-इनाम अशा अर्थाचे इंग्रजी शब्द टाका. गावाचे वा जिल्ह्याचे नाव टाकायचेच असेल तर तेव्हाच्या स्पेलिंगने टाका: पुण्याला पूना, रत्नागिरीला रुटनाघेरी, साताऱ्याला सट्टारा.