लिंकनचं जन्मस्थान, हॉजेनव्हिल, केंटकी: नक्की बघा, पण पाटी नीट वाचा

केंटकीत असाल तर इथे जाच, एंट्री फ्री आहे. 56 पायऱ्या चढायच्या, लिंकनच्या आयुष्याच्या वर्षांइतक्या, आणि वर 1911 चं दगडी स्मारक, त्याच्या आत एक छोटंसं लाकडी केबिन. ओंडके हाताने तासलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले आणि मधल्या फटी लिंपलेल्या, हे सगळं अगदी जवळून दिसतं. आता खरी गोष्ट, हे लिंकनचं केबिन नाहीच! त्याचा जन्म 1809 चा आणि 2004 मध्ये लाकडाची वलयं तपासली तर सगळ्यात जुना ओंडकाच 1848 चा निघाला. ओंडके आधी प्रदर्शनांतून फिरवले, मग स्मारकात मावावं म्हणून केबिनच लहान केलं, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, जतन असं नसतं हो. पण पार्कवाले आता त्याला सरळ प्रतीकात्मक केबिन म्हणतात, लपवत नाहीत, ते मला फार आवडलं. खाली शेतावरचा मूळ झरा आहे, तो मात्र अस्सल, तो चुकवू नका.