ग्राइंडरसमोर टिकणारं यू-लॉक: हिपलॉक डी१००० आणि ते लावण्याची रीत

बॅटरीवर चालणारे छोटे अँगल ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने धातू कापणारी हत्यारं, सहज मिळू लागले आणि सायकलच्या कुलपांचं गणितच बदललं. पूर्वी चोर बोल्ट कटर, पहार किंवा जॅक घेऊन यायचा. आता पाठीवरच्या पिशवीतून ग्राइंडर निघतो आणि १३ मिलिमीटर जाडीची टणक पोलादी कडीसुद्धा मिनिटाच्या आसपास कापली जाते. हिपलॉक या ब्रिटिश कंपनीने २०२१ मध्ये आणलेलं डी१००० हे यू-लॉक, म्हणजे U आकाराची कडी आणि आडवा दांडा असलेलं कुलूप, ग्राइंडर या एकाच हत्याराला रोखण्यासाठी बनवलं आहे आणि ते काम ते खरोखर चोख करतं. मात्र ते कशाभोवती आणि कसं लावलं, यावर त्याचा निम्म्याहून जास्त उपयोग ठरतो. म्हणून इथे कुलपाइतकंच ते लावण्याबद्दलही लिहिलं आहे.

आधी कुलूप. आत टणक पोलाद आणि त्याच्या जोडीला ग्राफीन (कार्बनचा अतिशय पातळ, मजबूत प्रकार) मिसळलेलं फेरोसेफ नावाचं संमिश्र, अशी कडीची रचना आहे. ग्राइंडरची चकती धातू कापते ती तिच्यातल्या कठीण, टोकदार कणांच्या जोरावर. या संमिश्रावर घासली की ते कणच झिजू लागतात, चकतीचा व्यास कमी होत जातो आणि काप पुढे सरकत नाही. एकामागून एक चकत्या बदलाव्या लागतात, बॅटरी उतरते, आणि एवढा वेळ ठिणग्या आणि कर्कश आवाज चालूच. नेहमीच्या यू-लॉकपेक्षा २० पटींहून जास्त प्रतिकार, असा कंपनीचा दावा आहे. यातला ‘प्रतिकार’ हा शब्द शब्दशः घ्यायचा. पुरेशा चकत्या, पुरेसा वेळ आणि कोणी हटकणारं नसेल, तर हेही कापलं जातं. रात्रभर निर्मनुष्य राहणाऱ्या जागी कुठल्याच कुलपावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट कमी दिसते, पण तितकीच मोलाची आहे. कडीची दोन्ही टोकं आडव्या दांड्यात स्वतंत्रपणे अडकतात आणि कडी फिरू शकत नाही. स्वस्त यू-लॉकमध्ये एकच टोक खऱ्या अर्थाने अडकलेलं असतं, त्यामुळे एका ठिकाणी कापलं की कडी पिळून मोकळी करता येते. इथे दोनदा कापावं लागतं. कुठलंही यू-लॉक घेताना, मग ते याच्या निम्म्या ताकदीचं का असेना, ही एक गोष्ट तपासल्याशिवाय घेऊ नका.

डी१००० ला सोल्ड सिक्योर या ब्रिटिश संस्थेचं डायमंड मानांकन आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. मानांकन पाहताना ते सायकलसाठीचं आहे की मोटारसायकलसाठीचं, हेही वाचायचं, कारण दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. खोक्यावर कंपनीने स्वतःच छापलेल्या ‘सुरक्षा पातळी १०’सारख्या आकड्यांवरून दोन कंपन्यांची तुलना होत नाही, कारण प्रत्येकीची पट्टी वेगळी असते.

आता अडचणी. वजन साधारण १.८ किलो आहे. ते पाठीवरच्या पिशवीत किंवा कॅरियरच्या थैलीत ठीक, पण शर्यतीच्या हलक्या सायकलवर नकोसं होतं. खरी अडचण मात्र आतल्या जागेची आहे: ९२ मिलिमीटर रुंद आणि १५५ मिलिमीटर लांब. सायकल स्टँडचा पाइप साधारण ५० मिलिमीटरचा धरला तर रुंदीत उरतात जेमतेम ४०. सीटखालची नळी बारीक असेल तर काम होतं. इ-सायकलच्या किंवा माउंटन बाइकच्या जाड खालच्या नळीभोवती ते बसतच नाही. म्हणून विकत घेण्याआधी जाड पुठ्ठ्यातून ९२ × १५५ चा चौकोन आतून कापून काढा, त्याची एक बाजू मोकळी ठेवा, आणि रोज जिथे सायकल लावता तिथे तो साचा अडकवून पाहा. पाच मिनिटांच्या या कामाने महागडं कुलूप परत करण्याची वेळ टळते.

साचा बसला नाही तर लाइटलॉक एक्स१ पाहावं. तेही ग्राइंडरला तोंड देणारं आहे, टणक पोलादावर बॅरोनियम नावाचं संमिश्र चढवलेलं. वजन १.७ किलो आणि आतली जागा १०१ × १९६ मिलिमीटर. चार सेंटिमीटरची ही जास्तीची लांबी रोजच्या वापरात फार कामाची ठरते. तरी जिथे डी१००० बसतं तिथे आमची पसंती त्यालाच. आतली जागा जितकी कमी, तितकं जॅक घुसवून कडी फाकवणं किंवा पहार घालून पिळणं अवघड.

ग्राइंडरचा धोका कमी असलेल्या जागी, म्हणजे दिवसा गजबजलेल्या ठिकाणी अर्धा-एक तास सायकल लावायची असेल, तर क्रिप्टोनाइट इव्होल्यूशन मिनी-७ सारखं १३ मिलिमीटरचं, दोन्ही बाजूंनी अडकणारं कुलूप पुरतं. घडीचं कुलूप, उदाहरणार्थ आबुसचं बोर्डो ६०००, पट्ट्यांचं असल्याने वेड्यावाकड्या जागी सोयीचं पडतं. पण त्याच्या पट्ट्या ५ मिलिमीटरच्या आणि सांधे रिव्हेटचे, त्यामुळे चांगल्या यू-लॉकच्या जागी त्याला धरू नये. नुसती केबल तर साध्या हातकटरने काही सेकंदांत तुटते. खोगीर किंवा हेल्मेट गुंतवायला ठीक, सायकलचं मुख्य कुलूप म्हणून अजिबात नको. साखळी घ्यायची असेल तर कडी निदान १६ मिलिमीटरची हवी, त्याहून बारीक साखळी मोठ्या बोल्ट कटरच्या आवाक्यात येते. एवढी जाड साखळी बरोबर घेऊन फिरायची नसते. घरी, भिंतीत किंवा जमिनीत पक्क्या बसवलेल्या कडीला ती कायमची अडकवून ठेवायची.

लावण्याची रीत अशी. कडीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: सीटखालची नळी, मागचं चाक आणि पक्का खांब. एवढं मावत नसेल तर सायकल दुरुस्तीतले अमेरिकन जाणकार शेल्डन ब्राउन यांनी सुचवलेली पद्धत वापरता येते. कडी मागच्या चाकाच्या रिम आणि टायरभोवती घ्यायची, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, आणि तीच खांबाभोवती. नळी कडीत नसली तरी चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, त्यामुळे फ्रेमही अडकलेली राहते. आऱ्यांच्या ताणामुळे रिम दाबाखाली असते आणि ती करवतीचं पातं पकडून धरते, असं ब्राउन यांचं म्हणणं होतं. हातकरवतीपुरतं ते बरोबर आहे, ग्राइंडरपुढे मात्र रिम टिकत नाही. म्हणून नळी मावत असेल तर ती घ्यायचीच.

फक्त पुढचं चाक अडकवलं तर चाक तिथेच राहतं आणि बाकीची सायकल निघून जाते. क्विक रिलीजची, म्हणजे हाताने खटका उघडून काढता येणारी पुढची चाकं दहा सेकंदांत निघतात. त्याच्या जागी पिनहेडसारखे खास चावीने उघडणारे स्क्यूअर (चाक धरून ठेवणारा धुरीतला दांडा) किंवा आबुसचे नटफिक्स हे नट बसवावेत. नटफिक्सची युक्ती चांगली आहे: सायकल आडवी केल्याशिवाय नट मोकळा होत नाही आणि कुलूप लावलेली सायकल आडवी होत नाही. खोगिरासाठी आणखी साधा उपाय आहे. सीटपोस्टच्या षट्कोनी बोल्टच्या खाचेत नेमकी बसेल एवढी छोटी पोलादी गोळी ठेवायची आणि वरून मेण ओतायचं. वाटेत उंची बदलायची तर मेण खरवडून गोळी काढता येते. चोराला तेवढा वेळ नसतो.

खांबाकडे कोणी पाहत नाही, आणि घात तिथेच होतो. रस्त्यावरच्या पाटीचा खांब वरून उचलला जातो का, स्टँड जमिनीला साध्या नटांनी बसवलाय का, पाइप आधीच कापून त्यावर चिकटपट्टी किंवा स्टिकर लावलाय का, हे हाताने हलवून, बोट फिरवून पाहायचं. झाड, लाकडी कुंपण, जाळी यांना महाग कुलूप लावण्यात अर्थ नाही, कारण चोर कुलपाला हातच लावत नाही. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. खाली फरशी असली की हातोड्याच्या घावाला ऐरण मिळते. चावीचं छिद्र खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी आणि धूळ आत जात नाही.

छिद्राचा आणखी एक धडा २००४ मधला आहे. नळीच्या आकाराच्या चावीची यू-लॉक साध्या बॉलपेनच्या नळकांड्याने उघडतात, हे तेव्हा उघड झालं आणि क्रिप्टोनाइटला ती मोठ्या प्रमाणावर बदलून द्यावी लागली. गोल चावीचं जुनं कुलूप कोणी देत असेल तर घेऊ नका. आजच्या चपट्या चावीच्या कुलपात वर्षातून दोन-तीनदा टेफ्लॉनचं कोरडं वंगण मारा. घट्ट तेल धूळ धरतं आणि पिना अडकतात. चावीबरोबरच्या पट्टीवरचा कोड लिहून ठेवा, चावी हरवली तर नवी त्याच कोडवर मिळते.

कयाक आणि पॅडलबोर्ड यांना यू-लॉक चालत नाही, कारण त्यांना बंद त्रिकोणच नाही. कयाकला दोन फास असलेली केबल लागते: एक फास पुढून, एक मागून सरकवायचा आणि दोन्ही मध्यभागी एकत्र अडकवायचे. मधे कयाक रुंद असते, त्यामुळे फास कुठल्याच टोकाकडून निसटत नाही. केबल गाडीच्या छतावरच्या रॅकमधून घ्या, पण रॅकच छताला चावीने बंद आहे ना, हे आधी पाहा. वल्ही मात्र गाडीच्या आत. स्कीसाठी जुनी, फुकटची युक्ती अजून चालते: जोडी फोडून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकटी स्की कोणी सहसा उचलत नाही.

ट्रॅकर हा कुलपाचा पर्याय नाही, पण जोडीला हवा. एअरटॅगसारखे ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनच्या आधाराने जागा कळवतात, त्यामुळे निर्जन जागी गप्प बसतात. धातूच्या नळीच्या आत ठेवला तर सिग्नल दबतो. खोगिराखाली किंवा घंटीच्या आवरणात बसणारे साचे मिळतात, ते घ्या. सीआर२०३२ बॅटरी वर्षभर चालते. मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेल्या काही बॅटऱ्या एअरटॅगमध्ये नीट चालत नाहीत, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा. अनोळखी टॅग बरोबर फिरतोय, अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते. तेव्हा नकाशावर ठिपका दिसला की त्याचा स्क्रीनशॉट ताबडतोब काढा आणि पोलिसांना द्या. तिथे एकट्याने जाऊ नका.

ही सगळी तयारी कागदाशिवाय अपुरी आहे. सायकलचा सिरियल नंबर बहुतेक वेळा पेडलच्या धुरीच्या घराखाली कोरलेला असतो, सायकल उलटी करून त्याचा फोटो घ्या. त्याच वेळी पूर्ण सायकलचा, ओरखड्यांचा आणि बदललेल्या भागांचाही घ्या. पावती फोनमध्ये नाही, मेलमध्ये ठेवा. चोरी झालीच तर नंबरसह तक्रार त्याच दिवशी नोंदवा आणि जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या साइटवर मॉडेलच्या नावाने शोधत राहा. खोगीर, चाकं, गिअर असे सुटे भागही वेगवेगळे शोधा, कारण सायकल बऱ्याचदा सुटी करून विकली जाते. विमा असेल तर कापलेल्या कुलपाचे तुकडे टाकून देऊ नका. दाव्याच्या वेळी कुलूप मान्य दर्जाचं होतं आणि ते खरंच लावलेलं होतं, याचा पुरावा मागितला जातो. तेव्हा ते तुकडे, कुलपाची पावती आणि सगळ्या मूळ चाव्या एकत्र दाखवाव्या लागतात.