खंड्याच्या फिट्स आणि फेनोबार्बिटोन: 14 महिन्यांनंतरचा अनुभव

आधी सांगते, मी डॉक्टर नाही, घरी एक फिट येणारा लॅब्रेडॉर आहे एवढंच. खंड्या, वय साडेचार, आम्ही साताऱ्यात राहतो. औषध सुरू केलं तेव्हा मी रात्र रात्र जागून शोधत होते की कुणीतरी वर्षभर वापरून मराठीत लिहिलंय का, काहीच सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

पहिली फिट मागच्या वर्षी फेब्रुवारीत, पहाटे साडेचारला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला, मला वाटलं उंदराच्या मागे लागलाय. दिवा लावला तर हा आडवा पडलेला, चारही पाय सायकल चालवल्यासारखे, तोंडाला फेस, खाली लघवी. आई (सासूबाई) धावत आल्या ते चप्पल घेऊनच, हुंगवायला, आणि पाठोपाठ कांदा फोडायला गेल्या. आमच्याकडे माणसाला आकडी आली की हेच करतात, त्यांची काही चूक नाही. पण याने काही होत नाही, आणि तोंडात हात तर अजिबात घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही पण बोटं मात्र चावून काढेल आणि त्याला कळणारही नाही. आजूबाजूचं फर्निचर सरकवायचं, पंखा लावायचा, घड्याळ बघायचं आणि जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. व्हिडिओ काढताना स्वतःचीच लाज वाटते पण डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. दीड मिनिट होती ती फिट, मला अर्धा तास वाटली. नंतर तासभर हा भिंतींवर आपटत फिरत होता, आम्हाला ओळखत नव्हता.

एका फिटवर डॉक्टरांनी औषध सुरू केलं नाही. रक्त तपासलं, शुगर, कॅल्शियम, किडनी, लिव्हर सगळं नॉर्मल. त्यांचं म्हणणं, सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिली फिट आली, मधल्या काळात कुत्रा ठणठणीत आहे आणि रिपोर्टही चांगले आहेत तर बहुतेक वेळा ती इडिओपॅथिक एपिलेप्सी असते, म्हणजे कारण सापडत नाही, आणि लॅब्रेडॉरमध्ये ती घराण्यातूनही येते. एमआरआयचा विषय निघाला होता, आम्ही नाही केला, खर्चही होता आणि भूल द्यायची भीतीही. मग मार्चमध्ये एकाच दिवसात तीन फिट्स आल्या. चोवीस तासात दोन किंवा जास्त म्हणजे क्लस्टर, त्यात थांबायचं नसतं. त्याच संध्याकाळी गोळी सुरू झाली.

गोळी म्हणजे फेनोबार्बिटोन, माणसांचीच. किलोमागे साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, दर बारा तासांनी. याचं वजन तेव्हा 31 किलो, म्हणून 90 सकाळी आठला, 90 रात्री आठला. हे वाचून कुणी घरच्या घरी सुरू करू नका, आणि सुरू असेल तर मनाने बंद तर मुळीच करू नका. अचानक बंद केली की न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात.

पहिले पंधरा दिवस भयानक होते हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. अक्षरशः दारू प्यायल्यासारखा. मागचे पाय एकमेकांत अडकायचे, जिना उतरताना एकदा सरळ तुळशीवृंदावनात जाऊन पडला, उठला आणि तिथेच बसून राहिला जणू तिथेच बसायचं ठरलं होतं. नवरा म्हणाला आपण याला फिटपासून वाचवलं आणि कुत्राच घालवला. रोज डॉक्टरांना फोन, ते एवढंच म्हणायचे, थांबा, रक्तात पातळी स्थिर व्हायला दोन आठवडे लागतात. आणि खरंच, सोळाव्या की सतराव्या दिवशी सकाळी दूधवाल्यावर भुंकला. मी रडले.

झिंग गेली पण भूक आणि तहान गेली नाही, ती आजपर्यंत आहे. पाण्याचं घमेलं दिवसातून चारदा भरावं लागतं, रात्री एकदा बाहेर न्यावंच लागतं, नाहीतर सकाळी पोछा. भुकेबद्दल काय सांगू. आईंनी भाकरीसाठी मळून ठेवलेला ज्वारीच्या पिठाचा गोळा गेला, कचऱ्यातली मक्याची कणसं गेली (त्यासाठी एक्स-रे झाला), शेजारच्यांच्या दारातला कावळ्याला ठेवलेला पितरांचा घाससुद्धा गेला. मे ते सप्टेंबरमध्ये 31 चा 37 किलो झाला. आधी अजिंक्यताऱ्यावर माझ्याआधी चढायचा, आता अर्ध्या चढावर बसतो आणि खाली बघत राहतो. आम्ही कप सोडून किचनचा वजनकाटा वापरायला लागलो, निम्मं जेवण दुधी आणि फरसबी उकडून, बिनतेलाचं. आता 34 वर आहे. तूप, चिकनची कातडी वगैरे पूर्ण बंद, कारण या औषधावर, आणि ब्रोमाइडबरोबर (नंतर जोडलेलं दुसरं औषध, खाली येईलच) तर जास्तच, पॅन्क्रियाजला (स्वादुपिंडाला) सूज यायचा धोका असतो.

आता मुख्य गोष्ट. पहिले चार महिने एकच फिट, आम्ही खूश. ऑगस्टमध्ये दोन आठवड्यात तीन. डोस तोच, वेळ तीच, एक गोळी चुकली नव्हती. मला वाटलं गोळ्याच खराब आल्या, केमिस्टशी भांडून आले (नंतर मीच सॉरी म्हणाले). डॉक्टरांनी लेव्हल, म्हणजे रक्तात औषध किती आहे ती टेस्ट, करायला सांगितली. एप्रिलमध्ये 24 होती, आता रिपोर्ट आला 11. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रक्त कुठल्या ट्यूबमध्ये घेतलं? मी म्हटलं पिवळ्या झाकणाची. त्या ट्यूबमध्ये जेल असतं, ते हे औषध शोषून घेतं आणि आकडा खोटा कमी दिसतो. साधी लाल झाकणाची, जेल नसलेली ट्यूब लागते. लॅबवाल्याला हे माहीत नव्हतं, त्यांच्याकडे कुत्र्यांचं सॅम्पल महिन्यातून एखादं येणार, काय बोलणार. परत केली, गोळी द्यायच्या आधी, तर 17. म्हणजे खोटा आकडा सोडला तरी लेव्हल खरंच घसरली होती. हे औषध लिव्हरला स्वतःलाच जास्त वेगाने मोडायला शिकवतं, त्यामुळे तोच डोस काही महिन्यांनी कमी पडतो. 15 च्या खाली उपयोग नाही, 35 च्या वर लिव्हरची भीती, बऱ्याच कुत्र्यांना 25 ते 30 मध्ये बरं पडतं. डोस 120 झाला, पुढच्या टेस्टला 27. दोन दिवस परत थोडा झिंगला, मग ठीक.

माझा सगळा अनुभव एका वाक्यात मागितला तर हाच आहे, फिट वाढली की गोळीला शिव्या घालायच्या आधी लेव्हल करा. गोळ्या स्वस्त आहेत, खर्च टेस्टचा आहे, आणि लोक नेमकी टेस्टच टाळतात. मीही टाळली होती, जूनमधली करायची राहिली होती.

लिव्हरचे रिपोर्ट बघून घाबरू नका असं म्हणणार नाही, मी घाबरले होते. एएलपी (लिव्हरच्या टेस्टमधलं एक एन्झाइम) चौपट आलं होतं. डॉक्टर म्हणाले नुसतं एएलपी या औषधाने चढतंच, लिव्हर खरंच बिघडतंय का ते अल्ब्युमिन आणि बाइल अ‍ॅसिडवरून बघायचं. दोन्ही ठीक निघाले. आता दर सहा महिन्यांनी. पण हिरड्या पांढऱ्या दिसल्या, डोळे पिवळे झाले, अंगावर जखमा किंवा न उतरणारा ताप आला तर वाट बघायची नाही, काही कुत्र्यांना हे औषध रक्तपेशींवर किंवा लिव्हरवर उलटतं.

गोचीड. पावसाळ्यात आमच्याकडे गोचिडांचा नुसता सुकाळ, आणि टिक फिव्हरने गल्लीतले दोन कुत्रे गेलेत. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायची जी चघळायची गोळी मिळते ती आम्ही आधी द्यायचो. त्या आयसोक्साझोलिन गटाच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्येच सूचना काढली होती की काही कुत्र्यांमध्ये थरथर आणि फिट्स दिसल्यात, आधीपासून फिटचा त्रास असेल तर विचार करून द्या. आमच्या फिट त्यानेच आल्या असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध काही नाही. पण ती बंद केली, आता गळ्यात पट्टा आणि रोज संध्याकाळी कान, बोटांच्या मधे, शेपटीखाली हाताने शोधणं. कंटाळवाणं काम आहे, आईंनी आवडीने घेतलंय, टीव्ही बघता बघता करतात.

दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री पुन्हा दोन फिट्स, दुसरी चार मिनिटं. पाच मिनिटांच्या पुढे गेली की इमर्जन्सी, त्यासाठी डॉक्टरांनी मिडाझोलॅमचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला होता, लहान मुलांना देतात तोच. चौथ्या मिनिटाला हात थरथरत मारला, थांबली. तो स्प्रे फ्रीजवर टेपने चिकटवलाय, ड्रॉवरमध्ये ठेवलात तर वेळेला सापडणार नाही.

त्यानंतर पोटॅशियम ब्रोमाइड जोडलं. याचा परिणाम दिसायला तीन चार महिने लागतात, कारण ते शरीरातून फार हळू जातं, निम्मं जायलाच साधारण 24 दिवस. रिकाम्या पोटी दिलं की उलटी, म्हणून जेवणातच. आणि मीठ! जेवणात मीठ वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे जास्त निघून जातं आणि लेव्हल पडते. डॉक्टरांनी सांगितलं जे काय देताय ते रोज सारखं ठेवा. दोन महिने गणित जुळेना, मग कळलं की आई चहाबरोबर खारी देत होत्या, कधी एक, कधी चार. त्यांना ओरडायची माझी हिंमत नाही. मीच खारी आणणं बंद केलं, त्या मला अजून विचारतात बेकरी बंद झाली का.

बाकी छोट्या गोष्टी. फेनोबार्बिटोन चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये, पण चिठ्ठीवर कुत्र्याचं नाव बघून काही दुकानदार हसतात, एकाने तर परत पाठवलं. नेहमीचा एक केमिस्ट पकडा आणि घरात पंधरा दिवसांचा साठा ठेवा. कऱ्हाडला लग्नाला गेलो तेव्हा गोळ्या दोन पिशव्यांत विभागून नेल्या होत्या, एक पिशवी खरंच बसमध्ये राहिली. उरलेली माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे कुत्र्याला कधीच देऊ नका, आणि दुसरं कुठलंही औषध सुरू करताना डॉक्टरांना फेनोबार्बिटोन चालू आहे हे आठवणीने सांगा, त्यांच्या लक्षात असेल असं धरू नका. कुणाला दुसरं मत हवं असेल तर आमच्या बाजूला शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आम्ही जानेवारीत सगळी फाइल घेऊन गेलो होतो, डोस तोच ठेवायला सांगितला.

पाचपैकी किती? औषधाला चार. एक गुण भुकेचा कापला. फिट्स थांबल्या का, नाही. पंधरा दिवसांवरून दोन अडीच महिन्यांवर गेल्या, आणि आल्या तरी एकटी येते, मिनिटभराची. डायरीत मी तारीख, वेळ, किती सेकंद, आधी काय खाल्लं, फटाके, पाऊस, सगळं लिहिते. शेवटची नोंद 8 मार्चची आहे, आज 71 वा दिवस. पुढची लेव्हल आणि बाइल अ‍ॅसिड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, ट्यूब मी स्वतः विकत घेऊन ठेवल्यात, लाल झाकणाच्या.