नवे म्हणून बसवले ते आमचेच जुने पाटे

जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेऊन तिची राहण्याची गाडी करायच्या नादात जे कोणी असतील, त्यांनी चाकं आणि पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या) बदलायला गाडी गॅरेजला टाकण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. आमचे ९७,७०० रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच. पण त्याहून मोठं हे, की त्या चाकांवर मी माझ्या ऐंशी वर्षांच्या बाबांना झोपवून समृद्धी महामार्गाने लोणारला नेणार होते.

गाडी २००६ ची, आधी शाळेची होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, माझा दीर वेल्डिंगचं काम करतो. दोन वर्षांचे सगळे रविवार आम्ही दोघांनी या गाडीला दिले. मागे आडवा पलंग, त्याखाली शंभर लिटरची टाकी, दोन बॅटऱ्या, छोटा ओटा. बाबांच्या गुडघ्यांना बसून लांबचा प्रवास होत नाही आणि लोणारचं सरोवर पाहायची इच्छा त्यांनी कितीदा तरी बोलून दाखवलेली. झोपून जाता यावं, यासाठीच तर सारा खटाटोप होता.

वजन वाढत गेलं तशी गाडी मागून बसली. गतिरोधकावरून उतरताना मागे ठक्‌ आवाज यायचा, वळणावर डोलायची. शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) गेलेले होते, टायर जुने होते. नागपुरात अमरावती रोडकडच्या एका गॅरेजचं नाव दोघातिघांनी सुचवलं. तिथला मालक बोलायला गोड. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ नं. सोळाचे अलॉय टाकू, चौडे टायर टाकू, मागचे पाटे नवे, चारही शॉकअप नवे. पानी भरला गिलास ठेवा, सांडनार नाही." मग खालच्या आवाजात, "बिल पक्कं पाहिजे का? त्याच्यावर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागते. कायले उगाच भरता?"

मी हो म्हटलं. पुढच्या सगळ्या फसवणुकीला दार इथेच उघडलं गेलं. कच्च्या बिलावर त्याने लिहून दिलं: चार टायर ३०,०००, अलॉयचा (मिश्रधातूच्या रिंगांचा) सेट ३२,०००, मागचे पाटे १८,०००, शॉकअप ११,२००, मजुरी आणि इतर ६,५००. टायरची कंपनी नाही, माप नाही, पाट्यांचा नंबर नाही. ज्या कागदावर वस्तूची ओळखच लिहिलेली नाही, त्या कागदावर कोणती वस्तू मिळायला हवी होती हे नंतर कसं सिद्ध करणार?

चौथ्या दिवशी गाडी मिळाली. काळेभोर चकचकीत टायर, चंदेरी अलॉय, खाली वाकून पाहिलं तर पाट्यांवर ताजा काळा रंग. गाडी चांगली पाच सेंटिमीटर उचललेली. दीर म्हणाला, "वहिनी, झालं काम." जुने पाटे आणि शॉकअप परत मागितले, तर "ते भंगारात गेले जी, मजुरीतून वळते केले" असं उत्तर आलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. जुना सुटा भाग परत मिळत नसेल, तर तो अजून गाडीलाच लागलेला असू शकतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी, २०२३ च्या मे महिन्यात, पहाटे आम्ही निघालो. त्या उन्हाळ्यात टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळे समृद्धीच्या नागपूर टोकाला आरटीओचं पथक गाड्यांचे टायर तपासत होतं. शिवमडक्याजवळ आम्हाला बाजूला घेतलं. मी निश्चिंत होते, टायर तर नवेकोरे. निरीक्षक साहेबांनी मोबाइलचा उजेड टाकला, नक्षीतून नख फिरवलं आणि विचारलं, "हे कधी घेतले?" मी सांगितलं. ते काही न बोलता गाडीखाली आडवे झाले. बाहेर आले तेव्हा हातावर पेनने चार आकडे लिहिलेले होते: १११५.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १११५ म्हणजे २०१५ चा अकरावा आठवडा. तारखेसहित पूर्ण कोड बहुतेक टायरांच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला अर्धाच. आमचे चारही टायर तारखेची बाजू आत करून चढवले होते. मी घरी बाहेरून पाहिलं होतं, तारीख दिसली नव्हती, आणि काही टायरांवर नसेल छापत अशी समजूत करून घेतली होती. दोन टायर २०१५ चे निघाले, दोन २०१४ चे. झिजलेल्या टायरची नक्षी गरम पात्याने कोरून पुन्हा खोल केलेली आणि वरून पॉलिश मारलेलं. ज्या टायरवर 'रीग्रूव्हेबल' असं छापलेलं असतं, तेवढेच टायर असे कोरता येतात. कारच्या टायरला कोरलं की पात्याखाली तारांच्या थरावरचं राहिलंसाहिलं रबरच निघून जातं. नागपूरच्या मेमधल्या डांबरावर, ताशी शंभराच्या वेगात, मागच्या चाकाच्या बरोबर वर बाबांचा पलंग. ते चित्र मनातून अजून जात नाही.

साहेबांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. जाता जाता त्यांनी टायरवरच्या मापाकडे बोट दाखवलं, "हे तर कारचे आहेत ताई. वजन करून घ्या एकदा." शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. गॅरेजवाल्याच्या तोंडून यातला एक शब्दही निघाला नव्हता.

हळूहळू परत आलो, बाबांना घरी सोडलं, गाडी जशीच्या तशी भरलेली ठेवून वाडीच्या धरमकाट्यावर गेलो. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. मागच्या धुरीवर (अ‍ॅक्सलवर) १,६४० किलो भरले. टायरवर माप होतं २१५/६५ आर १६, पुढे ९८ एच. हा ९८ म्हणजे भार निर्देशांक, एका टायरची कमाल क्षमता ७५० किलो. दोघांचे मिळून १,५००. म्हणजे तेच टायर कालच कारखान्यातून आलेले असते, तरी आमच्या गाडीला कमीच पडले असते. आमचे जुने टायर १९५ आर १५, आठ प्लायच्या (थरांच्या) मजबुतीचे, निर्देशांक १०६: एकाला ९५० किलो, दोघांचे १,९००. रुंद टायर म्हणजे मजबूत टायर, हा समज गॅरेजवाल्याने वापरला आणि मी त्याला बळी पडले. मी वर्गात मुलांना दाब आणि भार शिकवते. टायरवर छापलेला आकडा मात्र वाचला नव्हता.

पाट्यांची गोष्ट त्याहून वाईट. गाडी देण्याआधी मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर वहीत लिहून ठेवलं होतं: ४६ सेंटिमीटर. (मापाला सुरुवात जमिनीपासून करू नका. टायर बदलला की तेही बदलतं.) गाडी मिळाली त्या दिवशी ५१ भरलं. धरमकाट्यावरून आल्यावर मोजलं तर साडेसेहेचाळीस. तीन आठवड्यांत गाडी पुन्हा होती तिथे बसली होती.

दिराने कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या कमानवाल्याला (पाटे दुरुस्त करणाऱ्याला) आणलं. त्यांनी पाट्यांवरचा रंग पॉलिश पेपरने घासला आणि दिराला हाक मारली, "हे पाय बरं, हे तुयं हाय का?" दुसऱ्या पाट्याच्या कडेवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे तीन थेंब चिकटलेले होते. टाकीचा ब्रॅकेट जोडताना दिराच्याच हातून उडालेले. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. आमचेच पाटे उतरवून, घणाने थंडच ठोकून कमान वाढवलेली, रंग मारलेला, आणि अठरा हजारांना आम्हालाच विकलेले. काकांनी समजावलं ते असं: पाटा पुन्हा कमानीत आणायचा तर तो भट्टीत लाल करून, वाकवून, तेलात विझवून, मग पुन्हा बेताचं तापवून पाणी उतरवावं लागतं. थंड ठोकलेला पाटा दिसायला वर येतो, पण थकलेलं पोलाद थकलेलंच राहतं. वजन पडलं की बसतो आणि ठोकलेल्या जागी तडा जायची भीती वेगळीच. नव्या पाट्यावर बनवणाऱ्याचा ठसा असतो, तो रंगाखालीही हाताला लागतो. आमच्या मेन पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल वळणातले) बुशसुद्धा जुनेच होते.

शॉकअपचं निदान दोन मिनिटांत झालं. थिनरचा बोळा फिरवताच निळ्या रंगाखालून गंज आणि तेलाचा ओघळ दिसला. दांडा दाबला तर अर्ध्या वाटेपर्यंत काही विरोधच नाही.

आणि अलॉय. चाकाच्या भोकांचं माप आमच्या हबशी (धुरीच्या टोकाला चाक जिथे बसतं त्या भागाशी) जुळत नव्हतं, म्हणून मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅडाप्टर घातले होते. अ‍ॅडाप्टरचे नट चाकामागे लपतात. चाक काढल्याशिवाय ते सैल झालेत की नाही कळत नाही. मागच्या डाव्या बाजूचे दोन नट हाताने फिरले. चाकं बाहेर सरकल्यामुळे बेअरिंगवर ताण वाढला होता तो निराळा. आणि स्टेपनी? ती जुनीच, लोखंडी रिंगवर, भोकांचं माप वेगळं. अ‍ॅडाप्टरवर ती बसलीच नसती. वाटेत कुठे तरी टायर फुटला असता, तर आम्ही रस्त्याकडेला उन्हात बसून राहिलो असतो, आणि हे मी सर्वांत चांगल्या शक्यतेबद्दल बोलते आहे.

गॅरेजवाल्याला फोटो पाठवले. आधी "कारागिराची चूक झाली असंन", मग "बिल कुठं आहे?", मग फोन बंद. मात्र पैसे मी यूपीआयने दिले होते आणि "नवे पाटे, चार नवे शॉकअप, नवे टायर" हे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. त्या दोन गोष्टींवर सगळं उभं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, मग ई-दाखिल या तेव्हाच्या ऑनलाइन पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं; फक्त प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याने एका माणसाबरोबर तीस हजार पाठवले आणि "मिटवून टाका" असा निरोप. पावती लिहून द्यायला तो माणूस तयार नव्हता, म्हणून पैसे मी परत पाठवले.

गाडीला आता मूळ मापाच्या लोखंडी रिंगा आहेत. टायर माझ्यासमोर चढवून घेतले, तारखेची बाजू बाहेर करून. पाटे खोक्यातून निघताना मी तिथे उभी होते, प्रत्येकाचा ठसा पाहिला, फोटो काढला, जुने मोजून घरी आणले. शंभर किलोमीटरनंतर परत जाऊन यू-बोल्ट (पाटे धुरीला आवळून धरणारे) आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घेतले. कमानवाल्या काकांनी पक्कं बिल स्वतःहून दिलं. बाबा दिवाळीच्या सुट्टीत लोणारला जाऊन आले. दैत्यसूदनाच्या देवळासमोर पलंगावरून उठून ते काठीवर उभे राहिले.

ते चार टायर आमच्या व्हरांड्यात रचलेले आहेत, तारीख खडूने ठळक केलेली. मागच्या आठवड्यात एक पंक्चरवाला विचारून गेला, "ताई, द्या नं हे, एक सीझन आरामात काढतीन." चांगले पैसे देत होता. मी नाही म्हटलं. केसचा निकाल लागेपर्यंत ते पुरावा म्हणून राहतील, आणि त्यानंतर दीर ग्राइंडरने त्यांचे तुकडे करणार आहे.