रेडिओवरची भावगीतं आणि सारेगामा कारवाँ: काय मिळतं, काय आपण भरायचं

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भेट म्हणून कारवाँ घ्यायचा का, हे ठरवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा डबा रेडिओसारखा दिसतो, पण मुळात ते गाण्यांचं कपाट आहे. २०१७ साली तो बाजारात आला तेव्हा हिंदी आवृत्तीची किंमत ५,९९० रुपये होती आणि आत ५००० गाणी भरलेली होती. पुढे मराठी आवृत्तीही आली. ज्यांच्या आठवणी आकाशवाणीवरच्या हळुवार भावगीतांशी बांधलेल्या आहेत, त्यांना या कपाटातून बरंच काही मिळतं. जे मिळत नाही तेही महत्त्वाचं आहे, आणि त्याची सोय याच डब्यात करता येते. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आतल्या गाण्यांबद्दल. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही, ग्रामोफोन कंपनी. त्यामुळे तबकडीवर निघालेल्या मराठी भावगीतांचा मोठा साठा त्यांच्याकडे आहे. समोरचं चक्र फिरवून कलाकार किंवा प्रकार निवडायचा, पुढे-मागे बटणाने गाणं बदलायचं, इतकं सोपं. ज्यांना मोबाइलचा पडदा नकोसा होतो, त्यांच्या हाताला हे चक्र लगेच बसतं. मात्र हवं ते एकच गाणं नाव सांगून काढता येत नाही. त्या कलाकाराच्या रांगेत ते येईपर्यंत बटण दाबत राहावं लागतं. आतली गाणी पुसता येत नाहीत, त्यांत नवी घालताही येत नाहीत. मराठी आवृत्ती घेताना खोक्यावर मराठी गाणी किती आणि हिंदी किती, हे वाचून घ्या. ५००० हा आकडा सगळाच मराठीचा समजू नका. गाण्यांची यादी आधी चाळा आणि ज्याच्यासाठी घेताय त्याच्या आवडीची दहा गाणी तिच्यात शोधा. सात-आठ सापडली तर खुशाल घ्या. तीनच सापडली तर दुकानदाराने कितीही सांगितलं तरी थांबा.

ती तीनच का सापडतात, याचं कारण आहे. रेडिओवर वाजलेलं प्रत्येक गाणं तबकडीवर आलेलं नाही. संगीतकार यशवंत देव मुंबई आकाशवाणीवर असताना ‘भावसरगम’ या कार्यक्रमातून नवी गाणी श्रोत्यांपर्यंत जात. आकाशवाणीने स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं गाणं ही आकाशवाणीची मालमत्ता. त्यातलं जे पुढे तबकडीसाठी पुन्हा गायलं गेलं तेच अशा डब्यात येऊ शकतं, आणि तेही दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या रूपात. वाद्यमेळ वेगळा, लय थोडी वेगळी, कधी गायकही वेगळा.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण गीतरामायण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झालं, एकूण ५६ गीतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि गळे मात्र अनेक. सीतेची बहुतेक गीतं माणिक वर्मा गात होत्या. नंतर घरोघरी पोचलेलं तबकड्यांवरचं गीतरामायण हे सगळं फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात आहे. त्या वर्षी रेडिओपुढे बसून ऐकलेल्या माणसाला हे ध्वनिमुद्रण लावून दिलं आणि तो म्हणाला, ‘हे ते नाही’, तर त्याच्या स्मरणशक्तीला दोष देऊ नका. तो बरोबर सांगतो आहे.

आवाजाचा दर्जा या गाण्यांना पुरेसा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून आलेल्या गाण्यात वरच्या पट्टीतला तपशील मुळातच कमी असतो, त्यामुळे छोट्या स्पीकरमुळे फारसं हरवत नाही. शब्द स्पष्ट येतात, आणि भावगीतात तेच हवं. डग्ग्याची घुमारी मात्र कमी पडते. डबा भिंतीपासून वीतभर अंतरावर, लाकडी फळीवर ठेवला तर खालचे स्वर जरा भरतात. फ्रिजवर किंवा पत्र्याच्या कपाटावर ठेवू नका, पत्रा थरथरतो आणि तो आवाज गाण्यात मिसळतो. आवाज शेवटपर्यंत चढवला की छोटा स्पीकर फाटतो. मोठ्या हॉलसाठी ही वस्तूच नव्हे. खाटेशेजारी, स्वयंपाकघरात, गॅलरीत उत्तम.

आता रेडिओ. खोक्यावर एफएम आणि एएम दोन्ही लिहिलं आहे का पाहा. नुसतं एफएम लिहिलं असेल तर मिडियम वेव्ह (म्हणजेच एएम) लागणार नाही, म्हणजे मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर किंवा पुणे ७९२ वर शोधत बसणं व्यर्थ. एएम असलेल्या संचातही पहिली तक्रार खरखरीची येते, आणि ती बहुतेक वेळा घरातूनच येत असते: एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. चार्जर काढून बॅटरीवर ऐका, मग डबा जागेवरच सावकाश फिरवा. मिडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी, तिला दिशा असते. एका कोनात खरखर एकदम बसते, तिथेच ठेवा. एफएमला हा त्रास नाही. पुण्यात १०१.० वर विविध भारती, मुंबईत १००.७ वर एफएम गोल्ड आणि १०७.१ वर रेनबो. यांपैकी काहीच लागत नसेल तर फोनवर प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ॲप लावून ब्लूटूथने आवाज डब्यात आणा. ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला सुमारे २९ एमबी डेटा खातो, म्हणजे रोज दोन तास ऐकलं तरी महिन्याला पावणेदोन जीबी. परगावी, परदेशी राहणाऱ्यांना हाच मार्ग.

पण माझ्या मते या डब्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे यूएसबीचं भोक. तिकडे फार कमी लोक वळतात.

रेडिओवरच्या गाण्याची आठवण नुसत्या गाण्याची नसते. आधी निवेदिका गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं सांगते, क्षणभर शांतता, मग सुरुवातीचं वाद्य. कपाटातल्या गाण्याला हे काहीच नाही. हिंदी आवृत्तीत अमीन सयानींच्या निवेदनासह गीतमाला आहे, आणि लोक त्या भागात इतके का रमतात ते यावरून कळावं. मराठीसाठी ही सोय आपणच करायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टू-इन-वनवर (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या संचावर) रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर आहेत. त्या डिजिटल करून पेनड्राइव्हवर घाला.

कॅसेट थेट लावू नका. आधी खालच्या फटीतून पाहा: फितीच्या मागे तांब्याच्या पातळ पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो. जुन्या कॅसेटीत त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग फीत हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही, आवाज येतो-जातो. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटमधली पट्टी बसवा, चिकटवलेली असेल तर दोन्ही रिळं नव्या कवचात हलवा. सी-९० ची (९० मिनिटांच्या कॅसेटची) फीत सी-६० पेक्षा पातळ असते, ती हळू हाताने. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले थर सुटतात. डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं, हेड आणि रबरी रोलर पुसा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, रबराला नुसतं ओलं फडकं बरं. डेकचा पट्टा चिकट लगदा झाला असेल तर आधी तो बदला, नाहीतर गाणं लहरत राहील.

मग हेडचा कोन. बहुतेक घरांत हीच पायरी गळते, आणि सगळा फरक इथेच पडतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि आताच्या डेकचा कोन क्वचितच जुळतात, म्हणून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. गाणं चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा, घड्याळातल्या पाच मिनिटांएवढा, उजवीकडे-डावीकडे फिरवा. निवेदिकेच्या बोलण्यातला ‘स’ आणि ‘श’ ऐकत राहा. एका जागी ते एकदम धारदार होतात आणि तबल्याची किनार उघडते. तीच जागा. दर कॅसेटला हे पुन्हा करायचं.

जोडणीसाठी डेकच्या हेडफोन भोकातून ३.५ मिमीची तार. बऱ्याच लॅपटॉपना फक्त माइकचं इनपुट असतं, तिथे आवाज फाटतो. स्टिरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. सगळ्यात स्वस्त कार्डांत फक्त मोनो माइक असतो, तेवढं पाहून. डेकचा आवाज एक तृतीयांशावर, ऑडॅसिटीत (संगणकावर आवाज भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ४४.१ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मागे घुंघुं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढा. सी-६० ची एक बाजू ३० मिनिटांची, आणि तेवढा वेळ बसावंच लागतं, घाईचा रस्ता नाही. खरखर कमी करताना ६ ते ९ डेसिबलवर थांबा. त्यापुढे गेलात की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि गाण्याची शेवटची ओसरती ओळ गायब होते. निवेदन, मधला वेळ, स्टेशन सांगणं, काहीही कापू नका. कुणी मध्येच हाक मारलेली रेकॉर्ड झाली असेल तर तीही राहू द्या. तो आवाज दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

गती तपासायला कारवाँच उपयोगी पडतो. रेडिओवर वाजलेली तबकडी आणि डब्यातलं ध्वनिमुद्रण एकच असेल तर दोन्हींची लांबी मोजा. डब्यात ३ मिनिटं २० सेकंद आणि फितीवर ३ मिनिटं २८ सेकंद आलं, तर फीत ४ टक्के हळू चालते आहे. ऑडॅसिटीत गती ४ टक्के वाढवा, सूर आणि लय दोन्ही जागेवर येतात.

शेवटी पेनड्राइव्ह. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, ३२ जीबीपर्यंतचा ठेवा. एमपी३, १९२ केबीपीएस, बदलत्या बिटरेटचं नको. साडेतीन मिनिटांचं गाणं सुमारे ५ एमबी होतं. असे प्लेयर अनेकदा फाइली नावाच्या क्रमाने नव्हे, तर ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावांपुढे तीन आकडी क्रमांक घाला आणि रिकाम्या ड्राइव्हवर त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. फोल्डरमध्ये फोल्डर नको.

बॅटरीबद्दल कंपनी पाच तास सांगते. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने ठेवली की खराब होते, म्हणून वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. चार्जर ५ व्होल्टचा, पिन काढताना तार ओढू नका. वयस्कर माणसांकडून ‘बंद पडलाय’ असा फोन आला तर आधी विचारा, कोणत्या बटणाचा दिवा लागलाय. चुकून ब्लूटूथ किंवा यूएसबीचं बटण दाबलं जातं आणि डबा गप्प बसतो. गाण्यांच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आणि यूएसबीच्या बटणावर हिरवा ठिपका दिला की निम्मे फोन कमी होतात.

वायफायवाली आवृत्ती घरात इंटरनेट चांगलं असेल तरच घ्यावी. कारवाँ मिनी या छोट्या आवृत्तीत गाणी मोजकीच आणि कलाकारांचं चक्र नाही, ती प्रवासापुरती ठीक. कॅसेटी माळ्यावर असतील तर मोठा डबाच घ्या, आणि पेनड्राइव्हच्या दोन प्रती करा. एक डब्यात, एक दुसऱ्या घरी.