तुळशीबागेतलं भांड्यांचं दुकान : एकटीच्या बिऱ्हाडासाठी

घर सिंहगड रोडला, ऑफिस खराडीत. रोजचे तीन तास रस्त्यात जायचे, म्हणून सव्विसाव्या वर्षी वेगळं बिऱ्हाड थाटलं. भांडी घ्यायला तुळशीबागेत गेले, राममंदिराजवळच्या गल्लीत.

माझी यादी बघून काका हसले. "एकटीच ना? तीन लिटरचा कुकर, एक कढई, दोन पातेली बास. पोळपाट आईकडून ढापा." जास्त खपवायचं सोडून यादी कापणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. स्टील वजनावर दिलं, काटा माझ्याकडे वळवून.

मग मशीन हातात घेऊन विचारलं, "नाव काय घालू?" आमच्याकडे प्रत्येक वाटीवर आजीचं नाव आहे. मी माझं सांगितलं. अक्षरं जरा तिरकी आलीत, पण फुकटात.

सांडशी मात्र ढिली निघाली, पहिल्याच दिवशी दूध ओट्यावर. बदलून मागितली तर "वापरलेली घेत नाही" म्हणाले. खिळा तिथेच हलवून बघा.

गाडी नेऊ नका, मंडई मेट्रो जवळ आहे. मी जिल्हा न्यायालय स्टेशनला मेट्रो बदलून रामवाडीपर्यंत कुकर मांडीवर घेऊन आले. शिट्टी पिशवीतच राहिली, ती दुसऱ्या दिवशी सापडली.