कॅरीतला टॅक्सवाला : तीन स्टार, त्यातला एक चहाचा

नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही आणि इथे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी-मॉरिसव्हिलमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. सहा वर्षं याच्याकडेच टॅक्स रिटर्न भरतोय. देसी ग्रोसरीशेजारी दोन खोल्यांचं ऑफिस, मार्चमधल्या शनिवारी गेलात तर तासभर बसायची तयारी ठेवा, पण आलं घातलेला चहा मिळतो म्हणून कोणी कुरकुरत नाही. फेडरलचं, म्हणजे केंद्राच्या टॅक्सचं, काम एकदम चोख. भारतातल्या एफडीचं व्याज, एफबार (परदेशातली बँक खाती कळवायचा फॉर्म), सगळं आपणहून विचारतो.

आता तक्रार. यंदा म्हणजे २०२५ च्या रिटर्नला स्टेटचा रिफंड पाचेकशे डॉलरने कमी आला. मी म्हटलं, स्टेटच्या इन्कम टॅक्सचा रेट तर ४.५ टक्क्यांचा ४.२५ झालाय ना, मग रिफंड वाढायला नको का? तर स्क्रीनवरून मान न काढता, "भाई, स्टेट ने रेट बदला है, इसीलिए." झालं, पुढचा नंबर!

घरी बायकोने दहा मिनिटांत शोधून काढलं. रेट उतरला की पगारातून कापणंही उतरतं, नॉर्थ कॅरोलिनात रेटपेक्षा ०.१ टक्का जास्त कापतात, म्हणजे २०२५ ला ४.३५, त्यामुळे फायदा दर पगाराला थोडा थोडा येऊन खर्चही झालेला असतो, रिफंडमध्ये तो दिसणारच नाही. आणि आमचा रिफंड घटला कारण एनसी-४ फॉर्मवर (पगारातून स्टेट टॅक्स किती कापायचा ते कंपनीला सांगणारा) दर पगाराला २० डॉलर जादा कापायला सांगितले होते ते मी जानेवारीत बंद केले आणि साफ विसरलो. २६ पगार, ५२० डॉलर. चूक माझीच, पण दोन्ही वर्षांचे डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारे फॉर्म, त्याच्या टेबलावर होते हो!

रेटचं म्हणाल तर मी २०१३ ला आलो तेव्हा इथे तीन स्लॅब होते, ६, ७ आणि ७.७५. त्याच वर्षी कायदा झाला, गव्हर्नर मॅकरोरींनी सही केली आणि २०१४ पासून सगळ्यांना सरसकट ५.८. मग उतरत उतरत २०२२ ला ४.९९ आणि आता २०२६ ला ३.९९. पण २०१४ लाच पर्सनल एक्झम्प्शन (माणशी मिळणारी सूट) गेलं, पोरांच्या ५२९ ची, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्याची, वजावट गेली, आणि २०१६ पासून गाडी दुरुस्तीच्या मजुरीवरही सेल्स टॅक्स बसला, ते कोणी पोस्टरवर छापत नाही. पुढे २.४९ पर्यंत न्यायची सोय राज्याच्या २०२३ च्या बजेटमध्ये करून ठेवली, फक्त ठरलेला महसूल जमला तर. तो महसुलाचा आकडा वाढवायचा की आहे तोच ठेवायचा यावरून २०२५ ला राज्याचं सिनेट आणि हाऊस, दोन्हीकडे रिपब्लिकनच बरं का, असे अडून बसले की पूर्ण बजेटच पास झालं नाही.

आता हिशोब. टॅक्सेबल उत्पन्न १ लाख २० हजार डॉलर धरा, पाव टक्का म्हणजे ३०० डॉलर वाचले. त्यातले ७५ याने फीमध्ये घेतले, २७५ ची थेट ३५०, का तर "सॉफ्टवेअर महंगा हो गया."

पुढच्या वर्षी जाणार का? जाईन बहुतेक, एफडीची भानगड मला झेपत नाही. प्रश्न तेवढे बायकोला विचारीन.